प्लाझ्मिड येते, जनुके राहतात: सिंधमधील औषधरोधी विषमज्वराचे प्रकरण

नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरातून विषमज्वराचे असे रुग्ण नोंदले जाऊ लागले, ज्यांच्या रक्तसंवर्धनात वाढलेला साल्मोनेला टायफी हा जीवाणू सेफ्ट्रायाक्झोनला दाद देत नव्हता. सेफ्ट्रायाक्झोन हे तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन आहे, आणि दक्षिण आशियात ते तोपर्यंत विषमज्वरावरील भरवशाचे इंजेक्शन मानले जात होते. त्याला न जुमानणारे टायफी याआधी जगात इकडेतिकडे सापडले होते. मात्र ते सुटेसुटे होते, एखाद्या रुग्णापाशी सुरू होऊन तिथेच थांबणारे होते. हैदराबादच्या कासिमाबाद आणि लतीफाबाद या भागांत ते एकामागून एक सापडू लागले, तेव्हा कराचीच्या आगा खान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला हा योगायोग नसून साथ आहे हे ओळखता आले. ३० नोव्हेंबर २०१६ ते ३० डिसेंबर २०१७ या तेरा महिन्यांत एकट्या हैदराबादेत असे ४८६ रुग्ण निश्चित झाले, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता.

या घटनेची हकिगत बहुधा एका वाक्यात सांगितली जाते: एक प्लाझ्मिड आले आणि जीवाणू जवळजवळ सगळ्या औषधांना पुरून उरला. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या गुणसूत्राबाहेर राहणारा, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा डीएनएचा तुकडा. वाक्य खोटे नाही, पण त्यात प्लाझ्मिडच्या वाट्याला फार मोठे श्रेय जाते. पुढील विवेचनाचा रोख असा आहे की या प्रकरणात प्लाझ्मिडचे आगमन ही अल्पकाळाची आणि बहुधा एकदाच घडलेली घटना होती. तिच्या आधी जीवाणूच्या गुणसूत्रात जे साचून राहिले होते आणि तिच्यानंतर नळाच्या पाण्यातून जे पसरले, त्या दोहोंवाचून ती प्रयोगशाळेच्या वहीतील एक नोंद होऊन राहिली असती.

औषधांची उतरंड

विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल गुणकारी ठरल्याचे १९४८ मध्ये दिसून आले. उपचार न केल्यास दर शंभरांतील दहा ते तीस रुग्णांचा बळी घेणारा हा आजार त्यानंतर बहुतांशी बरा होणारा ठरला. हे सुख सुमारे चोवीस वर्षे टिकले. १९७२ मध्ये मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफीची प्रचंड साथ आली, तिच्यात दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्याच वर्षी केरळातील कालिकतमध्येही असाच जीवाणू आढळला आणि त्याचा प्रतिरोध एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. दोन्ही ठिकाणी मूळ एकच होते: इन्क-एचआय-१ या गटाचे एक भलेमोठे प्लाझ्मिड.

पुढील दीड दशकात त्याच गटाच्या प्लाझ्मिडांवर अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल यांच्या प्रतिरोधाची जनुकेही येऊन बसली. पहिल्या फळीतील तिन्ही औषधे अशी एकाच वेळी निकामी झाली की त्या जीवाणूला ‘बहुऔषधरोधी’ म्हणतात. वैद्यक मग सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या फ्लुओरोक्विनोलोनांकडे वळले, आणि नव्वदीच्या दशकात त्यांचीही धार बोथट होऊ लागली. त्यानंतर सेफ्ट्रायाक्झोन. सिंधमध्ये सापडलेला जीवाणू या पाचही गटांना प्रतिरोधक होता, म्हणून त्याला ‘एक्सडीआर’ म्हणजे व्यापक औषधरोधी हे नाव मिळाले.

या उतरंडीत एक गोष्ट सहसा नजरेआड होते. प्रत्येक पायरीवर जीवाणूने नवे काही मिळवले, हे सगळे जाणतात. परंतु आधीच्या पायरीवर मिळवलेले त्याने टाकून का दिले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर दक्षिण आशियात केव्हाच ओसरला होता. जे हत्यार कोणी वापरत नाही, त्याविरुद्धची ढाल जीवाणूने तीस-चाळीस वर्षे वागवत राहण्याचे कारण काय? या प्रकरणाचे मर्म त्या प्रश्नात आहे.

जनुकसंचात काय दिसले

आगा खान विद्यापीठ आणि ब्रिटनमधील वेलकम सँगर इन्स्टिट्यूट यांनी मिळून सुमारे शंभर नमुन्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचा क्रम लावला आणि त्याचे निष्कर्ष फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिला निष्कर्ष असा की साथीतील एक्सडीआर नमुने एकमेकांचे अगदी जवळचे भाऊबंद होते आणि ते सगळे टायफीच्या एच-५८ या वंशातले होते. हा वंश दक्षिण आशियात उगम पावून आफ्रिकेपर्यंत पसरलेला आहे. ६३ देशांतील १,८३२ नमुन्यांच्या एका पाहणीत, जी २०१५ साली प्रसिद्ध झाली, सुमारे ४७ टक्के नमुने याच वंशाचे निघाले होते. म्हणजे सिंधमधला जीवाणू कोणी परका नव्हता. तो त्या प्रदेशाचा जुना रहिवासी होता.

त्याच्या अंगावरील प्रतिरोधाचे तीन थर वेगवेगळ्या काळात चढलेले आणि वेगवेगळ्या जागी बसलेले होते.

सर्वांत जुना थर गुणसूत्रात होता. क्लोरॅम्फेनिकॉल निष्प्रभ करणारे कॅट-ए-१, अँपिसिलिन तोडणारे टीईएम-१, को-ट्रायमोक्साझोलच्या दोन घटकांपासून बचाव करणारी डीएफआरए-७ आणि सल्फा गटातील जनुके, शिवाय स्ट्रेप्टोमायसिनविरुद्धची जोडी, असे सगळे बोचके एका संयुक्त ट्रान्सपोझॉनमध्ये बांधलेल्या स्थितीत गुणसूत्रात रोवले गेले होते. ट्रान्सपोझॉन म्हणजे डीएनएचा असा तुकडा, जो एका जागेवरून सुटून दुसरीकडे बसू शकतो. हे बोचके मूळचे इन्क-एचआय-१ प्लाझ्मिडवरचे. त्यातील टीएन-२१ नावाच्या भागासोबत पाऱ्याच्या विषारी संयुगांना तोंड देणारी जनुकेही प्रवास करतात, हे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे. प्रतिजैविकांच्या युगाआधीच्या एखाद्या गरजेची खूण अशी मागे उरलेली दिसते. सिंधच्या नमुन्यांत ते मोठे प्लाझ्मिड नव्हते. सामान मागे ठेवून ते निघून गेले होते.

दुसरा थर उत्परिवर्तनाचा. डीएनए गायरेज या विकराच्या जायर-ए उपघटकात ८३ व्या स्थानी सेरीनच्या जागी फेनिलअॅलनिन आलेले होते. हा बदल कोणाकडून उसना घेतलेला नसतो. तो जीवाणूच्या स्वतःच्या जनुकात घडतो आणि संततीत उतरतो. एवढ्या एका बदलाने सिप्रोफ्लॉक्सासिन पूर्ण निकामी होत नाही, मात्र त्याचा परिणाम मंदावतो: ताप उतरायला वेळ लागतो आणि उपचार फसण्याचे प्रमाण वाढते.

तिसरा थर ताजा होता. इन्क-वाय गटाचे सुमारे ८४ हजार बेस-जोड्यांचे (डीएनएची लांबी या जोड्यांत मोजतात) एक प्लाझ्मिड, ज्याला संशोधकांनी पी-६०००६ असे नाव दिले. त्यावर सीटीएक्स-एम-१५ हे जनुक होते, ज्यापासून बनणारे विकर सेफ्ट्रायाक्झोनचे बीटा-लॅक्टम कडे फोडते, आणि क्यूएनआर-एस हे जनुकही होते, ज्याचे प्रथिन गायरेजला चिकटून फ्लुओरोक्विनोलोनांपासून त्याचे रक्षण करते. म्हणजे एका प्लाझ्मिडने दोन कामे उरकली. सेफ्ट्रायाक्झोनचा दरवाजा त्याने एकट्याने बंद केला, आणि जायर-ए मधील बदलाने अर्धवट लोटलेला सिप्रोफ्लॉक्सासिनचा दरवाजा क्यूएनआर-एसने पुरता लावून घेतला. उत्परिवर्तन आणि उसने जनुक यांची बेरीज कशी होते याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे.

सामान मागे ठेवून जाणारे प्लाझ्मिड

इथे थोडे थांबून प्लाझ्मिडचा हिशेब मांडला पाहिजे. ‘प्लाझ्मिड’ हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये सुचवला. गुणसूत्राबाहेर राहून स्वतःच्या प्रती काढणारा आनुवंशिक घटक असा त्याचा अर्थ. आपण प्लाझ्मिडला जीवाणूचे शस्त्र म्हणतो, पण प्लाझ्मिडच्या बाजूने पाहिले तर जीवाणू हे त्याचे वाहन आहे. प्रत्येक विभाजनाच्या वेळी त्याची प्रत काढावी लागते, त्यावरील प्रथिने बनवावी लागतात, आणि या सगळ्याचा खर्च यजमान जीवाणू भरतो. व्हिएतनाममध्ये १९९३ साली मिळालेल्या टायफीच्या एका नमुन्यातील इन्क-एचआय-१ प्लाझ्मिड सुमारे २ लाख १८ हजार बेस-जोड्यांचे आहे. टायफीचे गुणसूत्र सुमारे ४८ लाखांचे, म्हणजे हा भार साडेचार टक्क्यांच्या घरात जातो. औषधाचा मारा चालू असताना हा खर्च परवडतो. मारा थांबला की प्लाझ्मिड गमावलेले जीवाणू हलके होऊन पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

अनेक प्लाझ्मिडांनी यावर तोड काढलेली आहे. काही स्वतःसोबत एक टिकाऊ विष आणि त्याचा अल्पजीवी उतारा अशी जोडी वाहतात; प्लाझ्मिड गमावलेल्या पेशीत उतारा आधी संपतो, विष उरते आणि पेशी मरते. तरीही दीर्घ काळात मोठी प्लाझ्मिडे गळतात. म्हणूनच ‘औषध काही वर्षे बाजूला ठेवले की प्रतिरोध ओसरेल’ ही अपेक्षा अगदीच निराधार नाही. भारतात विषमज्वराच्या बहुतेक नमुन्यांवर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही जुनी औषधे आता पुन्हा परिणामकारक ठरू लागली आहेत. प्लाझ्मिड नसलेल्या वंशशाखांनी तिथे जोर धरला आहे.

मात्र सिंधच्या वंशशाखेत असे ओसरणे शक्य नव्हते, कारण जनुके तोवर प्लाझ्मिडवरून उतरून गुणसूत्रात शिरली होती. आयएस-१ या छोट्या घटकाच्या प्रती बोचक्याच्या दोन टोकांना असल्यामुळे पूर्ण तुकडा उचलला जाऊन एकसंध बसू शकतो, आणि एच-५८ वंशात असे रोपण गुणसूत्रात निरनिराळ्या जागी स्वतंत्रपणे झालेले आढळते. एकदा ते झाले की दोन लाख बेस-जोड्यांचा भार वाहण्याचे कारण उरत नाही. त्याच्या एका लहान हिश्श्याच्या मोबदल्यात तेवढाच प्रतिरोध मिळतो आणि तो विभाजनात हरवत नाही. ढाल वागवत राहण्याच्या कोड्याचे उत्तर असे आहे: ती ढाल आता हातात धरायची वस्तू राहिली नव्हती, ती कातडीचा भाग झाली होती.

या ठिकाणी एक गैरसमज टाळायला हवा. जुने प्लाझ्मिड गेल्यामुळे नव्याला ‘जागा’ झाली, असे काही ठिकाणी म्हटले जाते. एकाच विसंगती गटातील दोन प्लाझ्मिडे एका पेशीत टिकत नाहीत हे खरे. परंतु इन्क-एचआय-१ आणि इन्क-वाय हे गट भिन्न आहेत, त्यामुळे जुने असते तरी नव्याला त्या अर्थाने मज्जाव नव्हता. भार कमी झाल्याचा लाभ मात्र संभवतो: आधीच अडीचपट मोठे प्लाझ्मिड वागवणाऱ्या पेशीपेक्षा मोकळ्या पेशीला नवा पाहुणा पोसणे सोपे जाते. हा तर्क आहे, आणि त्याला तर्क म्हणूनच वजन द्यावे.

पाहुणा कोठून आला

पी-६०००६ चे साम्य एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील नित्याच्या जीवाणूत सापडणाऱ्या प्लाझ्मिडांशी आहे. त्यावरील सीटीएक्स-एम-१५ चा प्रवास तर आणखी लांबचा. या कुळातील जनुके मुळात क्लुयव्हेरा नावाच्या, क्वचितच आजार करणाऱ्या जीवाणूच्या गुणसूत्रात होती. आयएस-ईसीपी-१ नावाच्या घटकाने ती तिथून उचलून प्लाझ्मिडांवर आणली. सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार १९९९ साली दिल्लीत गोळा केलेल्या नमुन्यांत प्रथम ओळखला गेला आणि पुढील दहा वर्षांत जगभरच्या कोलाय जीवाणूंत तो सर्वांत सामान्य प्रकारांपैकी एक झाला. टायफीपर्यंत तो पोचायला मात्र तुलनेने उशीर झाला, आणि या उशिराचे कारण विचार करण्याजोगे आहे.

कोंबड्या, गुरे आणि माणसे यांच्यात फिरणाऱ्या इतर साल्मोनेलांना निरनिराळ्या आतड्यांतील निरनिराळ्या जीवाणूंशी गाठ पडण्याच्या असंख्य संधी मिळतात. टायफी फक्त माणसात राहतो. रुग्णाच्या शरीरात तो बराच काळ पेशींच्या आत, रक्तात, यकृतात आणि पित्ताशयात असतो, जिथे कोलायची वस्ती नसते. दोघांची भेट होऊ शकते ती आतड्याच्या पोकळीत आणि त्यानंतर सांडपाण्यात. इन्क-एचआय-१ प्लाझ्मिडांचे एक वैशिष्ट्य इथे आठवावे: त्यांचे संयुग्मन, म्हणजे एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाणे, साधारण २२ ते ३० अंश सेल्सियसला चांगले होते आणि ३७ अंशांना जवळजवळ थांबते. शरीराच्या तापमानात अडणारी आणि गटाराच्या तापमानात चालणारी ही यंत्रणा आहे. इन्क-वाय गटाला हे जसेच्या तसे लागू करता येत नाही, पण आधीच्या पिढीच्या प्लाझ्मिडांनी जी वाट धरली असावी ती त्यावरून कळते.

आतड्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. सेफ्ट्रायाक्झोनचा मोठा वाटा पित्तावाटे आतड्यात उतरतो. ज्या समाजात कोणत्याही तापाला हे इंजेक्शन सर्रास टोचले जाते, तिथे आतड्यातील सीटीएक्स-एमधारी कोलाय निवडून निघतात आणि विष्ठेवाटे सांडपाण्यात जातात. टायफीवर थेट मारा न होताही त्याच्या शेजाऱ्यांकडील प्रतिरोधाचे भांडार असे भरत जाते. प्रतिजैविकांच्या गैरवापराची चर्चा ‘रोग्याने गोळ्यांचा क्रम अर्धवट सोडला’ या तक्रारीभोवती फिरते. या प्रकरणात ती तक्रार फारशी उपयोगी नाही. प्रतिरोध टायफीच्या रुग्णात, टायफीवरील अपुऱ्या उपचारामुळे, हळूहळू घडला नाही. तो दुसऱ्या जीवाणूंत आधी तयार झाला आणि मग आयता मिळाला.

एकदा मिळाला, आणि मग वाटला गेला

साथीतील नमुने एकमेकांच्या इतके जवळचे होते की रुग्णागणिक नव्याने प्लाझ्मिड मिळत गेले, असे मानण्याला आधार उरत नाही. एका जीवाणूला एकदा प्लाझ्मिड लाभले आणि त्याची प्रजा शहरभर पसरली, हेच चित्र जनुकसंचातून उभे राहते. वैद्यकीय लिखाणात ‘प्रतिरोध पसरला’ हे एकच क्रियापद दोन भिन्न घटनांसाठी वापरले जाते. जनुकाचा आडवा प्रवास, म्हणजे कोलायकडून टायफीकडे, ही दुर्मीळ घटना. प्रतिरोधी टायफीचा माणसाकडून माणसाकडे होणारा प्रसार ही सर्रास घडणारी. पहिली रोखण्याचा उपाय आपल्या हाती जवळजवळ नाही. दुसरीचा उपाय दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

हैदराबादच्या तपासात संशयाची सुई दूषित पाण्याकडेच वळली. सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या जिथे शेजारी असतात आणि गळतात, तिथे पाण्याचा दाब कमी होताच बाहेरची घाण आत ओढली जाते. तुटक वेळांनी पाणी सोडणाऱ्या प्रत्येक शहरात हे घडू शकते, आणि एक्सडीआर टायफीला त्यासाठी कोणतेही खास कौशल्य लागत नाही. साधा टायफी ज्या नळातून येतो त्याच नळातून तोही येतो.

आकडे पुढे वाढतच गेले. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार १ नोव्हेंबर २०१६ ते ९ डिसेंबर २०१८ या काळात सिंधमध्ये विषमज्वराचे ८,१८८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील ५,२७४ एक्सडीआर होते. त्यांपैकी ६९ टक्के कराचीतले, २७ टक्के हैदराबादचे आणि उरलेले इतर जिल्ह्यांतले. साथ हैदराबादेत उघडकीस आली, पण दोन वर्षांत तिचे मोठे घर कराची झाले. प्रवाशांच्या शरीरातून हा जीवाणू ब्रिटन आणि अमेरिकेतही पोचला. इथे एक सावधगिरी: हे आकडे प्रयोगशाळेत पोचलेल्यांचे आहेत. रक्तसंवर्धन विषमज्वराच्या साधारण निम्म्याच रुग्णांत जीवाणू दाखवते, आणि ते करून घेणारे रुग्ण एकूण तापकऱ्यांचा लहान हिस्सा असतात. विडाल चाचणीचा इथे काही उपयोग नाही. ती प्रतिपिंडे पाहते, जीवाणू हाती देत नाही, त्यामुळे कोणते औषध चालेल हे तिच्यातून कधीच कळू शकत नाही.

उपचारांत दोन पर्याय उरले. साध्या रुग्णाला तोंडावाटे अॅझिथ्रोमायसिन, आणि गुंतागुंत झालेल्या रुग्णाला शिरेवाटे मेरोपेनेम. पहिले स्वस्त आणि घरी घेता येणारे. दुसऱ्यासाठी रुग्णालयात राहावे लागते, दिवसातून तीनदा औषध द्यावे लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. विषमज्वराचा रुग्ण सहसा बाह्यरुग्ण विभागातून औषध घेऊन घरी जातो. मेरोपेनेमवर गेलेला रुग्ण खाट अडवून बसतो. जिथे खाटाच कमी, तिथे हा फरक औषधशास्त्राच्या पुस्तकात दिसतो त्याहून फार मोठा असतो.

लसीचा प्रवेश

डिसेंबर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टायपबार-टीसीव्ही या लसीला पूर्वमान्यता दिली. विषमज्वरावरील ही अशी मान्यता मिळालेली पहिली संयुग्मित लस. टायफीच्या व्हीआय आवरणातील शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाशी जोडलेली असल्याने ती दोन वर्षांखालील बालकांतही काम करते, जे जुन्या व्हीआय लसीला जमत नव्हते. ती बनवली भारतातील हैदराबादच्या भारत बायोटेकने, आणि साथ रोखण्यासाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती सिंधमधील हैदराबादेत. नावांचा हा मेळ योगायोगाचाच, पण दोन्ही हैदराबादांच्या आरोग्याच्या इतिहासात तो नोंदवून ठेवावा असा आहे.

२०१८ पासून तिथे सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या सुमारे २ लाख ७ हजार मुलांना ती टोचण्यात आली. पुढील अभ्यासात रक्तसंवर्धनाने निश्चित झालेल्या विषमज्वराविरुद्ध तिची परिणामकारकता ९५ टक्के आणि एक्सडीआर प्रकाराविरुद्ध ९७ टक्के आढळली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंधमध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी पंधरवड्याची मोहीम झाली, आणि नेहमीच्या लसीकरणात या लसीचा समावेश करणारा पाकिस्तान हा जगातला पहिला देश ठरला.

प्रतिरोधाच्या अंगाने पाहता या लसीचा गुण असा की तिला प्लाझ्मिडशी काही देणेघेणे नाही. तिचे लक्ष्य आवरण आहे. जीवाणू पाच औषधांना प्रतिरोधक असो वा एकालाही नसो, आवरण तेच. ज्या मुलाला ताप आला नाही त्याला सेफ्ट्रायाक्झोन टोचले जात नाही, आणि त्याच्या आतड्यातील कोलायवरील निवडीचा दाबही तेवढा कमी होतो. परंतु लस पाण्याची वाहिनी दुरुस्त करत नाही. त्याच नळातून पॅराटायफी-ए हा दुसरा साल्मोनेलाही येतो, त्याला व्हीआय आवरण नसते, आणि ही लस त्याच्यापुढे निरुपयोगी आहे.

साथीनंतरचा जनुकसंच

इंग्लंड आणि वेल्समध्ये परतलेल्या प्रवाशांकडून मिळालेल्या एक्सडीआर नमुन्यांच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, काही नमुन्यांत सीटीएक्स-एम-१५ हे जनुक गुणसूत्रात बसलेले आढळले, आणि तेही एकाहून अधिक जागी, म्हणजे ही घटना स्वतंत्रपणे वारंवार घडली होती. क्लुयव्हेराच्या गुणसूत्रातून निघालेले जनुक अनेक प्लाझ्मिडांवरून फिरत टायफीच्या गुणसूत्रात मुक्कामाला आले. इन्क-एचआय-१ बाबत जे घडायला दशके लागली, ते इन्क-वायबाबत पाच वर्षांच्या आत दिसू लागले.

याचा व्यावहारिक परिणाम प्रयोगशाळेपुरता का होईना, लगेच जाणवतो. इन्क-वाय प्लाझ्मिडची खूण शोधून एक्सडीआर टायफी ओळखण्याची पद्धत असे नमुने नजरेतून निसटू देईल. शोधायचे ते जनुक, त्याचे वाहन नव्हे. आणि अहवालात जनुकाचे केवळ नाव न देता ते कोठे बसले आहे हेही लिहिले गेले, तर सेफ्ट्रायाक्झोन काही वर्षे बाजूला ठेवल्याने ते परत कामाला येईल की नाही याचा अंदाज बांधता येतो. प्लाझ्मिडवर असेल तर थोडी आशा. गुणसूत्रात असेल तर ती बाळगू नये.

टायफीत सेफ्ट्रायाक्झोन-प्रतिरोध आणणारे इन्क-वाय हे एकमेव प्लाझ्मिडही नाही. मुंबईतील काही नमुन्यांत इन्क-एक्स-३ गटाच्या प्लाझ्मिडवर एसएचव्ही-१२ हे निराळे जनुक सापडलेले आहे. तिथला प्रतिरोध सिंधच्या साथीचा फाटा नसून वेगळ्या भेटीतून आलेला आहे. अॅझिथ्रोमायसिनच्या बाबतीत तर पाहुण्याचीही गरज पडली नाही. बांगलादेशातील नमुन्यांत एसीआर-बी या, औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाच्या जनुकात ७१७ व्या स्थानचे एक अमिनो आम्ल बदललेले आढळले, आणि तेवढ्या बदलाने ते औषध निष्प्रभ झाले. हा बदल पहिल्या दिवसापासून गुणसूत्रातच आहे. तो एक्सडीआर वंशशाखेत आला, तर विषमज्वरासाठी तोंडाने घेण्याचे नेहमीच्या वापरातले एकही औषध तिच्यापुढे उरत नाही, आणि त्यासाठी कोलायशी गाठ पडण्याची वाटही तिला पाहावी लागणार नाही.